खाणीकाठचं नीतिशास्त्र

ग्रीनकॅसल गावाच्या पश्चिमेला झाडीतून जाणारी पायवाट एका ठिकाणी कड्यावर येऊन वळते. पायाखालची जमीन तिथं संपते आणि समोर मोठा खड्डा उघडतो. उभ्या कापलेल्या भिंती, राखाडी-पांढऱ्या दगडाचे एकावर एक थर, तळाशी खुरटं गवत, रेड सीडरची काटक झाडं, मधूनमधून साचलेलं पावसाचं पाणी. माणसांनी इथून अनेक वर्षं चुनखडी काढली. मग खाण बंद झाली, यंत्रं निघून गेली आणि खड्डा राहिला. या खड्ड्याभोवतीची सुमारे ५०० एकर जमीन आज डीपॉ विद्यापीठाचं निसर्ग उद्यान आहे. त्याच उद्यानाच्या झाडीत विद्यापीठानं आपलं नीतिशास्त्राचं केंद्र बांधलं आहे : जॅनेट प्रिंडल इन्स्टिट्यूट फॉर एथिक्स.

या केंद्राबद्दल प्रथम वाचलं तेव्हा मी अडकलो तो त्याच्या जागेपाशी. तत्त्वज्ञान विभागाला विद्यापीठात बहुधा जुन्या इमारतीतल्या दोन-तीन खोल्या मिळतात. इथं मात्र नीतीचा विचार करण्यासाठी वेगळी वास्तू उभी राहिली, आणि तीही जिथून माणसानं काढायचं ते काढून घेतलं आणि मग पाठ फिरवली अशा जमिनीवर. महाविद्यालयीन वादविवाद स्पर्धांचं परीक्षण मी वर्षानुवर्षं करत आलो आहे. नीतीचा प्रश्न आपल्याकडे व्यासपीठावर आला की त्याचं काय होतं, हे मला जवळून ठाऊक आहे. म्हणून हे केंद्र पाहायचंच, असं मनात बसलं होतं.

भाची इंडियानापोलिसला एका औषध कंपनीत काम करते. तिथून ग्रीनकॅसल गाडीनं साधारण तासाभराचं अंतर. ऑक्टोबरचे दिवस होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीनची वाळलेली, कापणीला आलेली शेतं. “मामा, तुला अमेरिकेत येऊन खाण बघायचीय?” असं तिनं निघताना विचारलं होतं, आणि मग वाटेत स्वतःच एकेक गोष्ट सांगत गेली. गाव लहान आहे. चौकात पटनम काउंटीच्या न्यायालयाची इमारत, आणि तिच्या आवारात दगडी चौथऱ्यावर चढवलेला दुसऱ्या महायुद्धातला खराखुरा जर्मन व्ही-१ उडता बाँब. युद्धात कामी आलेल्या गावकऱ्यांचं ते स्मारक आहे. लंडनवर माणसं मारण्यासाठी बनवलेलं अस्त्र मारल्या गेलेल्यांच्या आठवणीसाठी उभं करावं का, यावर एक अख्खं सत्र होऊ शकेल. आम्ही गाडी न थांबवता पुढे गेलो.

विद्यापीठ १८३७ सालचं. मेथडिस्ट चर्चनं ते काढलं, आणि बिशप फ्रान्सिस ॲस्बरी यांच्या नावावरून त्याला इंडियाना ॲस्बरी विद्यापीठ म्हणत. १८८४ मध्ये न्यू ऑल्बनीचे काचेचे कारखानदार वॉशिंग्टन डीपॉ यांच्या मोठ्या देणगीनंतर नाव बदललं. १८६७ पासून इथं मुलींना प्रवेश आहे. आज विद्यार्थी दोन हजारांच्या आतबाहेर असतील. आपल्याकडच्या तालुक्याच्या महाविद्यालयातही याहून जास्त असतात.

पण १८३७ च्या आधीही इथं माणसं होतीच. मध्य इंडियानाचा मोठा भाग १८१८ साली सेंट मेरीज इथल्या करारांनी मायामी आणि डेलावेअर या मूळनिवासी लोकांकडून घेतला गेला. विद्यापीठ सुरू झालं त्याच्या पुढच्याच वर्षी, १८३८ च्या सप्टेंबरात, उत्तर इंडियानातून पोटावाटोमी जमातीच्या साडेआठशेंहून अधिक लोकांना सशस्त्र पहाऱ्यात कॅन्ससकडे चालवत नेलं. दोन महिन्यांच्या त्या वाटचालीत चाळीसहून जास्त जीव गेले, त्यांत बहुतेक मुलं होती. तो रस्ता ग्रीनकॅसलवरून गेला नाही. तरी ज्या वर्षांत इथं धर्मशास्त्र आणि नीती शिकवायला सुरुवात होत होती, त्याच वर्षांत त्याच राज्यात हे घडत होतं, हे इथं आलेल्या माणसानं लक्षात ठेवायला हवं.

जॅनेट प्रिंडल या डीपॉच्या १९५८ च्या तुकडीच्या विद्यार्थिनी. पुढे न्यूयॉर्कमध्ये गुंतवणुकीच्या क्षेत्रात त्यांनी नाव मिळवलं. न्यूबर्गर बर्मन या संस्थेत त्या सामाजिक जबाबदारीचे निकष लावून गुंतवणूक करणारा फंड सांभाळत. कंपनीचा नफा पाहताना ती कामगारांशी कशी वागते, पर्यावरणाचं काय करते, हेही पाहायचं, असा तो फंड. वॉल स्ट्रीटवर १९९० च्या दशकात हे बोलणाऱ्यांना फार गांभीर्यानं घेतलं जात नसे. पैशाच्या बाजारात नीतीचा प्रश्न विचारत राहिलेल्या बाईनं पुढे त्या प्रश्नासाठी घर बांधायला पैसा द्यावा, याचं मला अप्रूप वाटलं. केंद्र २००७ मध्ये उघडलं. पर्यावरणाचा विचार करून केलेल्या बांधकामासाठी त्याला लीड गोल्ड मानांकन मिळालेलं आहे. जवळच बार्टलेट रिफ्लेक्शन सेंटर नावाची शांत जागा आहे. कोणत्याही धर्माच्या माणसानं, किंवा कोणताच धर्म न मानणाऱ्यानं, तिथं येऊन बसावं.

केंद्रात काय चालतं? व्याख्यानं, परिसंवाद, देशभरच्या पदवीपूर्व विद्यार्थ्यांचं नीतिशास्त्रावरचं संमेलन, चालू घडामोडींवरचं लेखन, एक पॉडकास्ट. विज्ञानाच्या, अर्थशास्त्राच्या, संगीताच्या अध्यापकांनी आपापल्या विषयात नीतीचे प्रश्न कसे आणावेत यासाठीही मदत मिळते. ही यादी कुठल्याही चांगल्या केंद्राची असू शकते. मला वेगळेपण जाणवलं ते या यादीबाहेरच्या दोन गोष्टींत. त्यांच्याकडे मी येतोच. आधी खाणीत उतरू.

खाणीच्या काठाने एक वाट आहे आणि खाली तळातून दुसरी. ओढ्याच्या बाजूनेही एक जाते. बिग वॉलनट क्रीक उद्यानाच्या कडेने वाहतो. तळाच्या वाटेवरून चालताना दगड हातात घेऊन पाहिला. सुमारे ३३ ते ३५ कोटी वर्षांपूर्वी हा प्रदेश विषुववृत्ताजवळ होता आणि त्यावर उथळ, कोमट समुद्र होता. शंख-शिंपले, प्रवाळ आणि क्रिनॉइड नावाचे देठावर उमलणारे सागरी प्राणी मरून तळाशी साचत गेले, आणि त्यांची चुनखडी झाली. शेजारच्याच माँटगोमेरी काउंटीतले क्रॉफर्ड्सव्हिलचे क्रिनॉइड जीवाश्म जगभरच्या संग्रहालयांत आहेत. याच राज्यात दक्षिणेला बेडफर्डच्या आसपास निघालेल्या चुनखडीनं न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग मढवली आहे. ग्रीनकॅसलजवळ आजही सिमेंटचा मोठा कारखाना चालू आहे. म्हणजे दगड काढणं थांबलेलं नाही. ते थोडं पलीकडे सरकलं आहे, आणि आपण सगळे त्याच सिमेंटच्या घरांत राहतो.

तळाच्या कठीण, माती नसलेल्या जमिनीवर निसर्ग परत कसा येतो, ते इथं पायाखाली दिसतं. आधी शेवाळ आणि दगडफूल. मग भेगेत साठलेल्या चिमूटभर मातीत गवत. मग सीडर, कारण तिला चुनखडीची जमीन मानवते. पाणी साठलं की बेडूक, चतुर, त्यांच्यामागे पक्षी. कडेच्या झाडीत आशियातून आलेली हनीसकलची झुडपं दिसली. इंडियानाभर ती पसरली आहेत आणि स्थानिक झाडांच्या रोपांना उजेड मिळू देत नाहीत. ती उपटावीत का? औषध मारावं का? खाण आहे तशी राहू द्यावी, की माती आणून पूर्वीचं जंगल उभारायचा प्रयत्न करावा? पूर्वीचं म्हणजे कुठल्या सालचं?

पर्यावरणाच्या नीतिशास्त्रात या प्रश्नांवर चांगलीच झोंबाझोंबी झालेली आहे. ऑस्ट्रेलियातले तत्त्वज्ञ रॉबर्ट एलियट यांनी १९८२ मध्ये निसर्गाच्या नकलेवर एक निबंध लिहिला. फ्रेझर बेटाच्या किनाऱ्यावर वाळूच्या खाणकामाचा वाद तेव्हा ताजा होता. खाणकंपन्या म्हणत, आम्ही काढून घेऊ आणि नंतर सगळं होतं तसं करून देऊ. एलियटचा प्रश्न असा : समजा त्यांनी खरोखरच झाडन्‌झाड जसंच्या तसं उभं केलं, तर हानी भरून निघाली का? त्यांचं उत्तर नकारार्थी होतं. थोर चित्रकाराच्या चित्राची हुबेहूब नक्कल मूळ चित्राच्या मोलाची नसते, कारण ते चित्र कुठून आलं, कसं घडलं, हाही त्याच्या मोलाचा भाग असतो. जंगलाचंही तसंच. पुढे १९९२ मध्ये एरिक कॅट्झ या अमेरिकन तत्त्वज्ञानं याहून कडक भूमिका घेतली. माणसानं दुरुस्त केलेला निसर्ग ही माणसानं केलेली वस्तूच आहे, तिला निसर्ग म्हणणं ही मोठी थाप आहे, असं त्यांचं म्हणणं. अँड्र्यू लाइट यांनी या दोघांना उत्तर देताना एक फरक पुढे आणला, तो मला फार मोलाचा वाटतो. आधी झालेली हानी भरून काढण्यासाठी कुणी झाडं लावत असेल तर ते जमिनीशी तुटलेलं नातं जोडणं आहे. पुढे करायच्या हानीला परवाना मिळावा म्हणून कुणी झाडं लावायचं वचन देत असेल, तर ती गोष्ट अगदी वेगळी.

मराठी वाचकाला हा फरक समजावून सांगायची गरजच नाही. एका जिल्ह्यातलं जंगल तोडायचं आणि दुसऱ्या जिल्ह्यात पर्यायी वनीकरण दाखवायचं, हे आपण किती काळ पाहतो आहोत. गोव्यात लोहखनिजाच्या खाणींनी डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत डोंगर पोखरले. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये खाणकाम थांबवलं आणि २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केलं. त्या निकालांनंतर ट्रकवाले, बार्जवाले, खाणींवर पोट असलेली गावं अडचणीत आली, हेही तितकंच खरं. तिथल्या खंदकांच्या काठावर बसून, त्या गावांतल्या लोकांना सोबत घेऊन, कुठल्या विद्यापीठानं हा प्रश्न सलग वर्षभर चर्चेला घेतला तर काय निघेल, असं ग्रीनकॅसलच्या तळाशी उभं राहून मनात येत राहिलं.

नीतीचा नवा विचार खराब झालेल्या जमिनीतून यावा, हे काही डीपॉलाच सुचलेलं नाही. अमेरिकन पर्यावरण-विचारवंत अल्डो लिओपोल्ड यांनी १९३५ मध्ये विस्कॉन्सिन नदीच्या काठी एक नापीक झालेलं शेत विकत घेतलं. वाळू उघडी पडलेली, घर जळालेलं, कोंबड्यांचं खुराडं तेवढं शिल्लक. त्या खुराड्याची झोपडी करून लिओपोल्ड कुटुंब सुट्टीच्या दिवशी तिथं जाई आणि झाडं लावी. दुष्काळानं पहिली रोपं जवळजवळ सगळी मेली. त्यांनी पुन्हा लावली. हजारो पाइन आज तिथं उभे आहेत. १९४८ च्या एप्रिलमध्ये शेजाऱ्याच्या शेतातली आग विझवताना लिओपोल्ड यांना हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले. जमिनीकडे मालमत्ता म्हणून न पाहता, आपणही जिचे सभासद आहोत असा समाज म्हणून पाहावं, हा त्यांचा विचार पुढच्या वर्षी पुस्तकातून जगापुढे आला. तो विचार अस्पर्श अरण्यात बसून लिहिला असता तर त्यात ही धग आली असती असं मला वाटत नाही.

उद्यानातून परत विद्यापीठाच्या मुख्य आवारात आलं की विज्ञान आणि गणिताच्या इमारतीवर एक नाव दिसतं : पर्सी ज्युलियन. भाची रसायनशास्त्राची, त्यामुळे इथं तिला मला काही सांगायचं होतं.

ज्युलियन यांचा जन्म १८९९ चा, अलाबामातल्या माँटगोमेरीचा. आजोबा गुलामगिरीत जन्मलेले. १९१६ मध्ये ते डीपॉत आले. काळ्या मुलांना माँटगोमेरीत पुरेसं शालेय शिक्षण मिळत नसे, म्हणून महाविद्यालयाच्या वर्गांबरोबर शाळेचे विषयही त्यांना पुरे करावे लागले. वसतिगृहात जागा नाही. गोऱ्या विद्यार्थ्यांच्या एका फ्रॅटर्निटी घरात भट्टी पेटवणं, वाढपी म्हणून राबणं असली कामं करून त्यांनी माळ्यावरची जागा मिळवली. १९२० मध्ये ते आपल्या तुकडीत पहिले आले. व्हिएन्नाहून डॉक्टरेट घेऊन परत डीपॉत संशोधक म्हणून आले, आणि १९३५ मध्ये इथल्या प्रयोगशाळेत योसेफ पिकल यांच्या साथीनं त्यांनी फायसोस्टिग्मिनचं संपूर्ण संश्लेषण केलं. काचबिंदूवरचं हे औषध तोवर आफ्रिकेतल्या कॅलाबार घेवड्यातूनच मिळे. स्पर्धेत ऑक्सफर्डचे रॉबर्ट रॉबिन्सन यांच्यासारखा दिग्गज होता, आणि त्यांची वाट चुकली आहे असं लिहिण्याचं धाडस या तरुणानं केलं. ज्युलियन बरोबर निघाले. एवढं झाल्यावर त्यांना प्राध्यापक करावं असा प्रस्ताव आला, आणि कातडीच्या रंगामुळे तो नाकारला गेला. ज्युलियन शिकागोला ग्लिडन कंपनीत गेले. तिथं सोयाबीनपासून संप्रेरकं बनवण्याचं त्यांचं काम औषधशास्त्राला वळण देणारं ठरलं. १९५० आणि १९५१ मध्ये ओक पार्कमधल्या त्यांच्या घरावर हल्ले झाले. आधी आग लावण्याचा प्रयत्न, मग डायनामाइट.

“आमच्या कंपनीत सगळ्यांना त्यांचं काम माहितीय,” भाची म्हणाली, “पण इथं नोकरी नाकारली होती हे मी इथं आल्यावरच वाचलं.”

मला आठवत होतं ते १९१७ चं बडोदा. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. आंबेडकर नोकरीसाठी बडोद्याला गेले. राहायला खोली मिळेना, आणि ज्या पारशी धर्मशाळेत आसरा घेतला होता तिथून त्यांना लाठ्या घेतलेल्या जमावानं बाहेर काढलं. पर्सी ज्युलियन ग्रीनकॅसलमध्ये झोपायला जागा शोधत होते तेही हेच दिवस. त्याच डीपॉनं आज इमारतीला ज्युलियन यांचं नाव दिलं आहे. नाव देणं म्हणजे भरपाई का? ज्या संस्थेनं नाकारलं, तिनंच नंतर गौरवावं, यात काही चुकतं का, की उशिरा का होईना हेच करायला हवं? एलियटचा खाणीबद्दलचा प्रश्न आणि हा प्रश्न मला एकाच कुळातले वाटतात. या विद्यापीठाच्या आवारातच दोन्ही प्रश्न उभे आहेत, आणि ज्याला नीतिशास्त्र शिकायचं त्याला ते टाळून जाता येत नाही.

या लहानशा विद्यापीठात पत्रकारितेचीही एक गोष्ट घडली. १९०९ मध्ये इथल्या विद्यार्थ्यांनी सिग्मा डेल्टा काय नावाची पत्रकारांची संघटना काढली. तिचंच पुढे सोसायटी ऑफ प्रोफेशनल जर्नलिस्ट्स झालं. १९२६ मध्ये त्यांनी संपादकांच्या संघटनेची आचारसंहिता उसनी घेतली, १९७३ मध्ये स्वतःची लिहिली. सध्याची २०१४ ची आहे. सत्य शोधा, हानी कमी करा, स्वतंत्र राहा, उत्तरदायी आणि पारदर्शक असा, या चार सूत्रांवर ती उभी आहे. ही संहिता कुणावर कायद्यानं बंधनकारक नाही. तरी माझ्यासारख्या नियतकालिकात लिहिणाऱ्या माणसाला त्या चारांपैकी दुसऱ्या सूत्रापाशी थांबावंसं वाटतं. लेखात ज्यांची नावं आपण छापतो, त्यांना उद्या त्याच गावात राहायचं असतं.

आता त्या दोन गोष्टी. पहिली एथिक्स बोल.

शिकागोच्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले प्राध्यापक रॉबर्ट लॅडेन्सन यांनी १९९३ मध्ये हा प्रकार आपल्या विद्यार्थ्यांसाठी सुरू केला. १९९७ पासून तो राष्ट्रीय पातळीवर होतो, आणि गेल्या दशकापासून शाळांमध्येही पसरला आहे. स्वरूप असं : संघांना काही आठवडे आधी प्रकरणांचा संच मिळतो. रुग्णालयातलं, कचेरीतलं, शेतातलं, घरातलं, खरोखर घडलेलं किंवा घडू शकेल असं. स्पर्धेच्या दिवशी सूत्रधार त्यांतल्या एका प्रकरणावर प्रश्न विचारतो. टिपणं वापरायची नाहीत. एक संघ मांडणी करतो, दुसरा त्यावर भाष्य करतो, पहिला उत्तर देतो, मग परीक्षक प्रश्न विचारतात. इथवर आपल्या स्पर्धेसारखंच. फरक यापुढे आहे. बाजू वाटून दिलेली नसते. समोरच्या संघाचं म्हणणं पटलं तर तसं सांगून त्यात भर घालता येते. गुण दिले जातात ते मांडणी स्पष्ट आहे का, नीतीच्या दृष्टीनं महत्त्वाचं काय ते ओळखलं का, गैरलागू गोष्टींत वाहवत गेला नाहीत ना, आणि ज्याला तुमचं म्हणणं पटणार नाही त्याच्या जागी उभं राहून विचार केलात का, यावर.

केंद्रात मी या स्पर्धेचा एक सराव पाहिला. प्रकरण विस्मरणाचा आजार झालेल्या आईचं होतं. ती रोज संध्याकाळी नवऱ्याची वाट पाहते. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली आहेत. खरं सांगितलं की दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी रडते. मुलींनी तिला ‘बाबा उशिरा येणार आहेत’ असं सांगावं का? मांडणी करणाऱ्या संघानं होय म्हटलं : जे दुःख ती लक्षातच ठेवू शकत नाही, ते तिला रोज देण्यात तिचा मान राहत नाही. समोरच्या बाजूचा एक शांत मुलगा बोलायला उठला. त्यानं विरोध केला नाही. खोटं सांगितल्यानं आईला काय होतं याचा विचार झाला, पण रोज खोटं बोलून बोलून मुलींना काय होतं, त्या हळूहळू आईला माणसाऐवजी सांभाळायची एक गोष्ट समजू लागतात का, याचा विचार राहिला, असं त्याचं म्हणणं. पहिल्या संघानं डोकी एकत्र केली, आणि त्यांच्यातल्या मुलीनं सांगितलं की हा मुद्दा आमच्या लक्षात आला नव्हता. त्यामुळे आमचं म्हणणं आता बदलतं. खोटं सांगण्याऐवजी आईला बाबांबद्दलच बोलतं करावं, तिच्या वाट पाहण्यात सामील व्हावं, असं त्यांनी सुचवलं.

आपल्याकडे व्यासपीठावर असं कुणी म्हणालं असतं तर स्पर्धा तिथंच हरला असता. ‘विषयाच्या बाजूनं’ आणि ‘विषयाच्या विरोधात’ अशा चिठ्ठ्या उचलून आपली मुलं उभी राहतात. ज्या बाजूवर स्वतःचा विश्वास नाही ती बाजू आवेशानं मांडायचं कसब त्यांना येतं, आणि त्या कसबाचं मोल मी नाकारत नाही. वकिलीत, राजकारणात, पत्रकारितेत ते लागतं. पण दुसऱ्याचं ऐकून भर सभेत स्वतःचं मत दुरुस्त करायची हिंमत त्यातून येत नाही. परीक्षक म्हणून मीही आजवर अशा हिंमतीला एकही गुण दिलेला नाही, कारण गुणपत्रिकेत तो रकानाच नव्हता. तो रकाना हवा, असं मला आता ठामपणे वाटतं.

दुसरी गोष्ट लहान मुलांची. माउंट होल्योक महाविद्यालयातले प्राध्यापक थॉमस वॉर्टेनबर्ग यांनी चित्रपुस्तकांमधून प्राथमिक शाळेतल्या मुलांशी तत्त्वज्ञान बोलायची पद्धत वर्षानुवर्षं घडवली. त्यांनी जमवलेला पुस्तकांचा आणि प्रश्नांचा साठा आता प्रिंडल केंद्र सांभाळतं. उदाहरणार्थ अर्नोल्ड लोबेल यांच्या बेडूक आणि भेक या जोडीच्या गोष्टी. एका गोष्टीत दोघांना बिस्किटं खाणं थांबवता येत नाही. डब्यात घालून दोरी बांधली, उंच फळीवर ठेवली, तरी मन तिकडेच. मग मुलांना विचारायचं : दोरी बांधल्यामुळे थांबलो तर तो आपला निग्रह म्हणायचा का? सात वर्षांची मुलं यावर तासभर बोलू शकतात. मोठ्या माणसानं शेवटी बरोबर उत्तर सांगायचं नाही, हा त्यातला नियम. मला वाटतं शिक्षकासाठी तो फार अवघड असणार. आपल्या शाळांतल्या फळ्यावर रोज सुविचार असतो. त्याच्याखाली एक प्रश्नचिन्ह काढून मुलांना बोलतं करायला काहीच खर्च येत नाही.

परतीच्या वाटेवर भाचीनं विचारलं, “मामा, आता घरी जाऊन काय करणार तू?” मी एक प्रकरण लिहायचं ठरवलं होतं.

पुण्यात वेताळ टेकडीवर जुनी दगडखाण आहे. खडीसाठी फोडलेली, आता पाण्यानं भरलेली; सकाळी तिथं मोर दिसतात. याच टेकडीच्या उतारावरून बालभारती ते पौड फाटा असा रस्ता काढायचा महापालिकेचा जुना प्रस्ताव आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये पुणेकरांनी त्याविरुद्ध मोठा मोर्चा काढला. लॉ कॉलेज रस्त्यावर रोज अडकणाऱ्या माणसांचं म्हणणं वेगळं आहे, आणि तेही पुणेकरच. मी एक पान लिहिलं : टेकडीत मुरणारं पाणी, गवताळ माळ, कोंडीत अडकलेली रुग्णवाहिका, रस्ता झाल्यावर दहा वर्षांनी पुन्हा होऊ शकणारी कोंडी. बाजू वाटून दिल्या नाहीत. ज्या मुलांना मी वादविवादासाठी तयार करतो, त्यांना ते पान वाचायला दिलं.

त्यांतली एक मुलगी केळेवाडीची, म्हणजे त्याच टेकडीच्या पायथ्याच्या वस्तीत वाढलेली. तिनं पान वाचून माझ्यापुढे ठेवलं. “सर, यात टेकडीवर फिरायला येणारे आहेत आणि गाडीतून जाणारे आहेत. उतारावर राहणारे कुठेत?” मी म्हटलं, तू लिही. दोन दिवसांनी तिनं वहीच्या कागदावर एक परिच्छेद आणून दिला, तो तसाच प्रकरणात घेतला आहे. पावसाळ्यात टेकडीवरून येणारं पाणी घरात शिरतं, तेव्हा ते अडवायला कुणी मोर्चा काढत नाही, असं त्यात आहे. आणि ती टेकडी नसेल तर उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात बसवणार नाही, हेही. खाली तिनं दोन्ही संघांसाठी प्रश्न घातला : रस्ता व्हावा की नाही हे ठरवताना, आजवर ज्यांना कुणीच विचारलेलं नाही त्यांचं मत किती धरायचं, आणि ते घ्यायला कुणी जायचं?